मामा यंत्र बघतात

परभणी जिल्ह्यात ट्रॅक्टर घ्यायचं मनात आलं की लोक बँकेच्या आधी मामांकडे जातात. हे मामा घेणाऱ्याच्या आईचे भाऊ असतीलच असं नाही. पाथरीपासून पालमपर्यंत कुठल्याही गावात असा एक गृहस्थ सापडतो आणि सगळं गाव त्याला मामा म्हणतं. वय साठीच्या अल्याड-पल्याड, डोक्याला टोपी, गळ्यात दस्ती, वरच्या खिशात एक पेन आणि एक बारकी बॅटरी. मुलगी बघायला जाताना मामा नसले तर कसंबसं निभावतं. यंत्र बघायला मामा नसतील तर बैठक पुढच्या गुरुवारवर जाते.

स्वतः मामांनी आयुष्यात घेतलेली यंत्रं मोजायला एक हात पुरतो. विहिरीवरची मोटर, तीही थोरल्या भावाशी सामाईक. एक फवारणीचा पंप. आणि घरातला मिक्सर, जो मामींनी परस्पर आणला, म्हणून मामा अजून त्याच्या आवाजाला नावं ठेवतात. नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते, सोयाबीन काढायला दसऱ्याच्या सुमाराला पंजाबचे हार्वेस्टर येतात. लाल कंधारी बैलांची जोडी होती ती गुडघे दुखायला लागल्यावर विकली. तरीही दुसऱ्याच्या पैशानं आलेल्या यंत्रांचा मामांचा अनुभव अफाट आहे.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे इथली पोरं गमतीनं म्हणतात. मामा गंभीरपणे म्हणतात. यंत्र जर्मनीत बनतं आणि परभणीत तपासलं जातं, अशी त्यांनी जगाची वाटणी करून ठेवली आहे.

मामांची पंढरी म्हणजे कृषी विद्यापीठ. 18 मे 1972 ला स्थापन झालेल्या या विद्यापीठाला 2013 मध्ये वसंतराव नाईकांचं नाव मिळालं. मामांच्या तोंडी मात्र ते नुसतं 'विद्यापीठ', जणू देशात दुसरं नाहीच. स्थापनेच्या दिवशी, भर मे महिन्यात, पारा 44-45 ला टेकलेला असताना तिथं खरिपाचा मेळावा भरतो आणि 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, रब्बीचा. बाकीचे लोक सोयाबीनच्या बियाण्याच्या रांगेत घामाघूम होत असतात, कुणी 'परभणी शक्ती' ज्वारीची पिशवी शोधत असतं. मामा थेट अवजारांच्या मांडवात शिरतात. पहिल्या स्टॉलवर पिशवी मिळते, दुसऱ्यावर तिच्यात पत्रकं पडू लागतात, तिसऱ्यावर मामा सीटवर चढून बसलेले असतात.

स्टॉलवरचा पोरगा नवा असला तर त्याला वाटतं, गिऱ्हाईक आलं. तो अश्वशक्ती सांगतो, सिलिंडर सांगतो, हप्ता सांगतो. मामा ऐकून घेतात, टायरवर दोन बुक्क्या हाणतात, ग्रीसचा निप्पल कुठं आहे ते बोटानं चाचपतात आणि पहिला प्रश्न टाकतात.

"याचं बेअरिंग परभणीत मिळतं का संभाजीनगरला जावं लागतंय?"

पोरगा म्हणतो, "मागवून देऊ, दोन दिवसांत."

"पेरणीत दोन दिवस मंजी काय ठाऊक हाय का?"

या प्रश्नाला पत्रकात उत्तर नसतं. खरं सांगायचं तर मामांचे निम्मे प्रश्न निव्वळ भाव खाण्यासाठी असतात, पण उरलेले निम्मे कंपनीच्या साहेबांनी वहीत लिहून घ्यावेत असे. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर जमिनीत वापसा किती दिवस टिकतो हे ठाऊक असलेला माणूसच 'दोन दिवस' या शब्दांना इतका भितो.

ट्रॅक्टर बघताना मामांचा एक हुकमी प्रयोग असतो. ट्रॅक्टरला ब्रेकच्या पायट्या दोन असतात, एक डाव्या चाकाची, एक उजव्या. रस्त्यावर त्या खटक्यानं एकमेकींना जोडायच्या, रानात सोडायच्या. धुऱ्याशी आल्यावर नुसता डावा ब्रेक दाबला की डावं चाक थांबतं, उजवं फिरत राहतं आणि ट्रॅक्टर चिमटीत वळतो. मामा चालवणाऱ्याला तेवढंच करून दाखवायला सांगतात आणि धुऱ्याला किती जागा वाया गेली ते पावलांनी मोजतात. "वळणात जी जमीन जाती तिचा सातबारा कुणाच्या नावावर हाय?" हा त्यांचा आवडता सवाल.

म्हणून छोट्या यंत्रांवर त्यांचा विशेष जीव. 2021 च्या अखेरीस स्वराजनं 'कोड' नावाचं 11 अश्वशक्तीचं, पेट्रोलवर चालणारं, जेमतेम साडेचारशे किलोचं बसून चालवायचं यंत्र काढलं. त्याची करामत अशी की ते दोन्ही दिशांना चालवता येतं. ओळीच्या टोकाला पुरतं वळायची गरजच नाही. मामांनी ते पाहिलं, रुंदी विचारली, 89 सेंटिमीटर ऐकून मान डोलावली आणि कपाशीच्या ओळीत ते कसं बसेल यावर तासभर बोलले. मग सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अनुदान किती, लहान शेतकऱ्याला 50 टक्के की 40, यादीत नाव लागेपर्यंत भाव वाढला तर काय, असं सगळं खोदून विचारलं. शेजारी उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याचा विचार पक्का झाला. मामा पत्रक पिशवीत टाकून पुढच्या स्टॉलवर गेले.

अशा मामांना एका वर्षी खरिपाचा मेळावा चुकवावा लागला, कारण भाच्यानं त्यांना अमेरिकेला बोलावलं. हा मात्र सख्खा भाचा. परभणीत बारावी, पुण्यात इंजिनिअरिंग आणि आता टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेला अर्ध्या एकराच्या प्लॉटवर घर. मामा-मामी एप्रिलमध्ये पोचले. आठवडाभरात भाचा म्हणाला, "मामा, गवत कापायचं मशीन घ्यायचंय. बसून चालवायचं. तुम्ही जरा बघून द्या." जेट लॅग म्हणतात तो त्या क्षणी उतरला.

पण यंत्राच्या आधी जमीन, हा मामांचा नियम. त्यांनी अंगणाच्या कडेचं ढेकूळ उचललं, थुंकी लावून मळलं, त्याची वळी केली आणि भाच्याकडे संशयानं पाहिलं. "ही तर आपलीच." म्हणणं शास्त्राला धरून होतं. डॅलसच्या आसपासचा पट्टा काळ्या मातीचा आहे. टेक्सासची राज्य-माती म्हणून ओळखली जाणारी 'ह्यूस्टन ब्लॅक' आणि मराठवाड्यातली खोल काळी कापसाची जमीन, दोन्ही मृदाशास्त्राच्या वहीत वर्टिसॉल या एकाच गटात बसतात. ओली झाली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा. तिथंही त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कापूसच निघायचा. आता तिथं घरं उभी आहेत. उन्हाळ्यात ही माती आकसली की घराचा पाया हलतो, भिंतींना तडे जातात, म्हणून लोक पायाभोवती झिरपणाऱ्या नळ्या पुरून पाणी सोडतात. मामांनी ती नळी पाहिली आणि त्याच रात्री मानवत तालुक्यात फोन लावला. "अरे, हितं घर ठिबकवर हाय!"

दुसरा धक्का गवताचा होता. मामा खाली बसले, एक कांडी ओढली, ती तुटेना. पेराला मुळ्या, पेरापेराला फुटवा. हरळी! जिच्यामागं त्यांच्या बापानं कुदळी झिजवल्या, जी नांगरल्यावर वाढते, वेचून बांधावर टाकली तर बांधावरून परत येते, जिच्यावर तणनाशक मारून मारून हात खाजले, ती हरळी भाच्यानं पैसे देऊन लावून घेतली होती. तिला पाणी होतं, खत होतं, वेळापत्रक होतं. तिकडं तिला बर्म्युडा म्हणतात आणि दक्षिणेकडच्या राज्यांत कितीतरी अंगणांचा भरवसा तिच्यावर आहे. मामी तेवढ्या खूश झाल्या. सूनबाई दर चतुर्थीला दूर्वांसाठी इंडियन स्टोअर धुंडाळत होती आणि रोज त्यांच्यावरच पाय देऊन गाडीत बसत होती.

"ही वाढू द्यायची न्हाई, मरू बी द्यायची न्हाई," मामांनी समजून घेतलं. "मंग कामून लावली?"

भाच्यानं नियम सांगितले. डॅलस शहरात गवत 12 इंचांच्या वर गेलं तर दंड. त्याच्या सोसायटीचे डोळे त्याहून तीक्ष्ण, तिथून आधीच पत्र येतं. मामांना दंडाची पद्धत आवडली. गाजरगवतालाही लावावी, असं त्यांचं मत पडलं.

दुकानात शिरल्याबरोबर मामांना दारातच लाल महिंद्रा दिसला. महिंद्रा 1994 पासून अमेरिकेत ट्रॅक्टर विकते आणि तिचा तिथला मुख्य तळ टेक्सासातच आहे, पण मामांना गाववाला भेटल्याचा आनंद झाला. त्यांनी बॉनेटवर थाप मारली. पलीकडं हिरवा जॉन डिअर. त्याच्या ट्रॅक्टरचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आहे हे मामांनी दुकानदाराला मराठीतून सांगितलं. दुकानदार हसला. तो मामांना गिऱ्हाईक समजत होता.

मग ते यंत्र. मागं दोन थोराड चाकं, पुढं दोन लहान, मोकळी, हवी तिकडं फिरणारी. पोटाखाली 34 इंच रुंदीचं लोखंडी झाकण आणि त्यात दोन पाती. क्लच नाही, गिअर नाही, आणि स्टेअरिंगच नाही. सीटच्या दोन्ही अंगांनी मांडीवर येणारे दोन दांडे. मागच्या प्रत्येक चाकाला आपापला हायड्रॉलिक पंप आणि मोटर. डावा दांडा डाव्या चाकाचा, उजवा उजव्याचा. दोन्ही पुढं ढकलले की पुढं, दोन्ही ओढले की मागं, एक पुढं आणि एक मागं केला की गडी जागच्या जागी गरकन फिरतो. डाव्या ब्रेकची जी करामत मामा आयुष्यभर धुऱ्यावर मोजत आले, ती इथं शेवटाला पोचली होती. वळणाला जागा शून्य.

अमेरिकेत हे डोकं पहिल्यांदा लढवलं मॅक्स स्विशर या मिझुरीच्या माणसानं, 1949 मध्ये. दोन दांड्यांचा आजचा थाट साठीच्या दशकात कॅन्सासमध्ये जमला. आणि मुळात गवत कापायचं यंत्रच एडविन बडिंग नावाच्या इंग्रजानं 1830 मध्ये काढलं ते कापडगिरणीत लोकरी कापडाचे तंतू भादरायचं यंत्र बघून. गवताचा गालिचा म्हणतात तो असा थेट कापडाच्या कारखान्यातून आला आहे. मामांना हे कुणी सांगितलं नाही ते बरं. नाहीतर मानवतच्या जिनिंगमध्ये त्यांनी काय शोध लावला असता सांगता येत नाही.

मामा सीटवर बसले. दुकानदार भाच्याला सांगत होता, भाचा मामांना सांगत होता, पण मामांनी दांडे हातात घेतले आणि त्यांचं त्यांना उमगलं. कासरे! डावा कासरा ओढला की बैल डावीकडं वळतो, डावा दांडा ओढला की यंत्र डावीकडं. चाळीस वर्षं बैल हाकलेल्या हातांना यात शिकण्यासारखं काहीच नव्हतं. मामांनी आवारात एक फेरी अशी मारली की दुकानदारानं टाळी वाजवली. अडचण थांबण्याची आली. बैल थांबवायला दोन्ही कासरे ओढून धरायचे असतात. मामांनी 'होऽ' म्हणत दोन्ही दांडे ओढले, आणि यंत्र थांबायचं सोडून मागं निघालं. मामांनी आणखी जोर लावून ओढले. यंत्र आणखी जोरात मागं गेलं आणि रचून ठेवलेल्या खताच्या पोत्यांना टेकलं.

"ब्रेक ढिले हायत," मामा म्हणाले.

काय झालं ते बघायला ते सीटवरून उठले, तोच इंजिन बंद. पुन्हा बसले, चालू केलं, पाती सुरू केली, मागं वळून बघायला जरा उचकले, पुन्हा बंद. सीटखाली स्विच असतो. चालवता चालवता माणूस उठला की यंत्र मरतं. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला 19 हजार फुटांच्या वर जाऊ नये, असा तिकडचा दंडक आहे. ताशी हिशेबात तो साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जातो. एवढ्या वेगाच्या लोखंडावर कुणी उभं राहू नये ही अपेक्षा रास्तच. परंतु मामांच्या जिल्ह्यात ट्रॅक्टरच्या दोन्ही मडगार्डांवर दोघं दोघं बसल्याशिवाय तो गावाबाहेर पडत नाही. "मंग याच्यावर दुसरा माणूस बसवायचा कुठं?" त्यांनी विचारलं. भाच्यानं हे भाषांतर केलं नाही.

दुकानामागं गवताचा तुकडा होता. तिथं मामांनी हुकमी प्रयोग केला: टोकाला जाऊन जागच्या जागी वळण. उतरून बघतात तर आतल्या बाजूचं चाक एकाच जागी घासून ताटलीएवढं गवत मुळासकट निघालेलं. दुकानदार ओशाळला. जागच्या जागी वळू नका, जरा मागं-पुढं करून तीन टप्प्यांत वळा, म्हणजे गवत उखडत नाही, असं तो सांगू लागला. मामांचा चेहरा मात्र उजळला होता. ते उखडलेली हरळी हातात धरून भाच्याला म्हणाले, "इतक्या वर्सांत हिला मुळासकट काढणारी पहिली मशीन बगितली. ह्येच काम करत असंल तर घेऊन टाक."

निकाल मात्र त्यांनी घरी येऊन, हिशेब मांडून दिला. आधी मागच्या अंगणाचं दार विती लावून मोजलं, 36 इंच. म्हणजे 42 इंची मोठं यंत्र बाद, 34 वालं चाटून जातं. मग पाकिटावर आकडे. घर, गाडीरस्ता वजा जाता गवत 15 गुंठे. 34 इंची पातं, ताशी 8 किलोमीटर चाल, पट्ट्यावर पट्टा थोडा चढवायचा: सतरा-अठरा मिनिटं. आता घरात आहे ते 21 इंची, मागं चालत ढकलायचं यंत्र: पाऊण तास. वाचला अर्धा तास. एप्रिल ते ऑक्टोबर आठवड्याला एक कापणी धरली तर वर्षाचे पंधरा तास.

"पंधरा तासांसाठी तीन हजार डॉलर. मंजी अडीच लाख. आपल्याकडं त्यात स्वराजचं कोड येतं, आन् ते कोळपणी करतं."

शिवाय ढकलायच्या यंत्रामागं भाचा दर शनिवारी साडेतीन किलोमीटर चालतो, असंही पाकिटावर निघालं. भाच्याच्या मनगटावरचं घड्याळ रोज पावलं मागतं. सूनबाईनं ते पाकीट फ्रीजवर चिकटवलं.

भाच्यानं मे अखेरीला, मेमोरियल डेच्या सेलमध्ये, यंत्र घेतलं. यात मामांचा अपमान काही नाही. परभणीतही तसंच होतं. मामांना नेतात, चहा पाजतात, मान डोलावतात आणि आधीच ठरवलेलं घेऊन येतात. मामांना विचारलं होतं, एवढी नोंद पुरे असते. यंत्र दारात उतरलं तेव्हा हळद-कुंकू मामांनीच लावलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. पुढं आठवडाभरात शनिवारची कापणीही त्यांच्याकडे आली आणि बुधवारीही एक होऊ लागली. पंधरा तासांचा हिशेब फ्रीजवर तसाच होता.

तिकडं घरांच्या पुढच्या अंगणांना कुंपण नसतं. भाच्याची हरळी कुठं संपते आणि शेजाऱ्याची कुठं सुरू होते हे कापलेल्या रेघेवरून ओळखायचं. परभणीचा माणूस यंत्रावर बसून धुऱ्याकडं गेला की त्याचा हात आपोआप थोडा पलीकडं जातो. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही, वळण असतं. मामा पहिल्या आठवड्यात वीतभर आत गेले, दुसऱ्या आठवड्यात हातभर. तिसऱ्या शनिवारी शेजारी दार उघडून बाहेर आला आणि थेट मामांच्या दिशेनं चालू लागला. मामांनी इंजिन बंद केलं, दस्ती सावरली आणि मनात साक्षीदार मोजायला सुरुवात केली. भाचा आत आंघोळीला गेला होता.

शेजाऱ्यानं हात मिळवला. माझं गवत कापलंत, फार आभारी आहे, म्हणाला. संध्याकाळी त्याच्या बायकोनं केळ्याचा केक आणून दिला.

मामांनी केक खाल्ला नाही. धुरा कोरल्याबद्दल कुणी तहसीलला अर्ज करतो, कुणी काठी घेऊन येतो, कुणी बोलणं टाकतो. या सगळ्याला मामांकडे उत्तर होतं. या माणसाचा डाव काय असावा, यावर त्यांनी मामींशी उशिरापर्यंत चर्चा केली. केकात काही कबुली तर घेतली नाही ना, असंही विचारून झालं. पुढच्या शनिवारपासून ते सावध झाले. आपल्या हद्दीतच राहायचं म्हणून रेघेच्या हातभर अलीकडं यंत्र वळवू लागले. शेजारी त्याच्या बाजूनं रेघेपर्यंत कापायचा, मामा इकडून हातभर सोडून. मधल्या पट्ट्यात जूनच्या उन्हात हरळी फोफावली, तुरे काढून उभी राहिली, आणि सोसायटीच्या कार्यालयातून भाच्याच्या नावानं पत्र आलं. सोबत त्या पट्ट्याचा फोटो होता.

मामांनी पत्र वाचून घेतलं, फोटो उजेडात धरून पाहिला आणि भाच्याला विचारलं, "मोजणीची फी किती हाय हितं?"